पद्मपाणी बाई की पुरुष? अजिंठ्याच्या चित्रांतली फुलं, वेली आणि बायका

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाइडच्या बॅटरीचा झोत मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या डावीकडे स्थिरावला की घोळक्यातून एक प्रश्न हमखास येतो. "ही राणी कोण?" गाइड सांगतो, राणी नाही, हा बोधिसत्त्व पद्मपाणी. मग कुजबुज सुरू होते. झुकलेल्या पापण्या, निमुळती बोटं, हातात फूल, अंगावर मोत्यांचे सर, कमरेत घेतलेला बाक, आणि हा पुरुष? छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलांत, पर्यटनाच्या पोस्टरवर, शाळेच्या पुस्तकात हे चित्र आपण इतक्या वेळा पाहिलेलं असतं की विचारायचंच राहून जातं.

असं विचारणाऱ्याला हसू नये. फूल, वेल, झाड, पाणी हे सगळं चित्रात बाईच्या आसपासच का असतं, आणि तसं असताना ते एखाद्या पुरुषाच्या हातात आलं तर त्याचा अर्थ काय, हे समजून घ्यायची सुरुवात याच प्रश्नापासून होते.

आधी खुणांची भाषा

एसटी स्टँडवर एखादी पोरगी दिसते. हातभर हिरवा चुडा, केसांत गजरा, पदरात ओटीचे गहू आणि नारळ. तिला काही विचारावं लागत नाही. नवं लग्न झालंय आणि माहेराहून निघालीय, हे बाकड्यावर बसलेल्या म्हातारीपासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना कळतं. डोहाळजेवणात गर्भारणीला हिरवं नेसवून फुलांचे दागिने घालतात, तेव्हाही कुणी भाषण करत नाही. बाईची कूस आणि झाडाचा बहर यांचं नातं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून फुलं पुरतात. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, कडब्याची कोपी करून, पाच पांडव मांडून काळ्या आईची पूजा होते. शेताला आई म्हणताना कुणाला आपण अलंकारिक बोलतोय असं वाटत नाही.

न बोलता कळणाऱ्या आणि सगळ्यांनी मान्य केलेल्या अशा खुणेला संकेत म्हणतात. या लेखात जड शब्द म्हणावा असा हा एकच आहे. अजिंठ्याचे बहुतेक चित्रकार पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले. त्यांचे संकेत आपल्याला निम्मे आठवतात, निम्मे विसरलो आहोत. गोंधळ होतो तो या विसरलेल्या निम्म्यांमुळे.

भुवई कडुनिंबाची, नाक तिळाचं

जुन्या भारतीय चित्रकलेत माणसाचा चेहरा समोर कुणाला बसवून, बघून काढायची रीत नव्हती. अवयवागणिक निसर्गातला एकेक नमुना ठरलेला असे. भुवई कडुनिंबाच्या पानासारखी किंवा धनुष्यासारखी. नाक तिळाच्या फुलासारखं. ओठ पिकलेल्या तोंडल्यासारखे. बोटं शेंगांसारखी, मांडी केळीच्या खांबासारखी, मान शंखासारखी. शंख सोडला तर बाकी सगळी यादी आपल्याकडच्या शेताच्या बांधावर उभं राहून केल्यासारखी आहे. तिळाचं फूल ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांनी ते आठवावं: वरून निमुळतं, खाली येताना जरा फुगलेलं, कडेला किंचित मुडपलेलं. आता अजिंठ्यातला कुठलाही चेहरा बघा. नाकपुडीची ती वळणदार रेघ कुठून आली ते कळेल.

या यादीतले बरेचसे नमुने बाई आणि पुरुष दोघांनाही लागू होतात. पुरुषासाठी वेगळं काय, तर खांदे हत्तीच्या गंडस्थळासारखे, दंड सोंडेसारखा उतरता, कंबर सिंहासारखी. म्हणजे पुरुषाचं शरीरही निसर्गातूनच घडवलेलं आहे. वेल आणि फूल तेवढं बाईचं, ही वाटणी आपण नंतर पक्की केली.

डोळ्यांचा हिशेब तर फारच मजेशीर आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. चित्र कसं काढावं हे मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात. त्यात डोळ्यांचे पाच आकार दिले आहेत आणि प्रत्येक आकार कुणासाठी तेही सांगितलंय. धनुष्यासारखा डोळा ध्यानात जमिनीकडे नजर लावलेल्याचा. माशाच्या पोटासारखा बायकांचा आणि प्रेमात पडलेल्यांचा. निळ्या कमळाच्या पाकळीसारखा शांत, निर्विकार माणसाचा. लाल-गुलाबी कमळाच्या पाकळीसारखा भ्यालेल्याचा आणि रडणाऱ्याचा. पाचवा रागावलेल्याचा आणि वेदनेनं कळवळणाऱ्याचा. पाचांपैकी चार आकार मनाच्या अवस्थेवरून ठरलेत. माशाच्या पोटाचा तेवढा बायकांच्या नावावर आहे, आणि त्यातही प्रेमात पडलेला कुणीही भागीदार आहे. "कमलनयना" म्हटलं की आपण सुंदर बाई समजतो. चित्रसूत्र वाचलेला माणूस विचारेल, "कुठलं कमळ? ती शांत आहे की घाबरली आहे?"

आता पद्मपाणीकडे पुन्हा

हे वाचून मग त्या भिंतीसमोर उभं राहिलं की चित्र वेगळं दिसतं. खांदे बघा, रुंद आहेत. उजव्या हातात नीलकमळ आहे. जानव्यासारखा मोत्यांचा सर छातीवरून तिरपा उतरतो. दागिन्यांनी फसू नका, त्या काळी राजपुरुष बायकांइतकेच नटत. पापणीची वरची रेघ मध्ये उचलून पुन्हा खाली येते, नजर जमिनीकडे. मला तरी तो पाचांतला पहिला, धनुष्याचा डोळा वाटतो. भोवती किती गर्दी आहे तेही बघा: माकडं, मोर, किन्नर (अर्धे माणूस, अर्धे पक्षी), जोडपी, विटा रचल्यासारखे डोंगर, शेजारी सावळी राजस्त्री. या सगळ्या गजबजाटात कुणाकडेही न बघणारा तो एकटाच.

बोधिसत्त्व म्हणजे बुद्धत्वाच्या उंबऱ्यावर पोचलेला, पण दुसऱ्यांची सुटका होईपर्यंत पुढे न जाणारा. पद्मपाणी हे अवलोकितेश्वर नावाच्या बोधिसत्त्वाचं रूप, आणि त्याचा गुण करुणा. करुणा रंगवायची तर चित्रकाराकडे काय साधन होतं? ताठ उभा राहिलेला मिशाळ योद्धा चालला नसता. त्यानं पुरुषाचा सांगाडा तसाच ठेवला आणि त्यावर बाक, मार्दव, फूल, झुकलेली नजर ही बायकांच्या चित्रांतली भाषा चढवली. इथे स्त्रीत्व हा गुण आहे, आणि तो पुरुषाच्या अंगीही दाखवता येतो, असं तो चित्रकार मानत होता. पुढे हाच बोधिसत्त्व चीनमध्ये गेला, आणि काही शतकांनी तिथे ग्वानयिन या नावानं स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. घोळक्यातला तो प्रश्न म्हणजे चीनच्या भक्तांनी दिलेलं उत्तर आहे म्हणा ना.

मग बाई जेव्हा बाई असते तेव्हा?

सतराव्या लेण्यात आरसा घेतलेली राणी आहे. एक दासी प्रसाधनाचं तबक घेऊन, दुसरी चवरी घेऊन. हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे, त्यामुळे त्यावर थांबत नाही. सोळाव्या लेण्यातली सुंदरी मात्र वेळ काढून बघावी. नवरा, म्हणजे बुद्धाचा भाऊ नंद, भिक्खू झाला ही बातमी तिला कळली आहे. लोक त्या चित्राला "मरणासन्न राजकन्या" म्हणतात. मान एका बाजूला कलंडलीय, पापण्या मिटत आल्यात, बोटांतली ताकद गेलीय. वेलीचा संकेत इथे नुसत्या देहाच्या रेघेतून आलाय. आधार सुटल्यावर वेल जशी खाली येते, तसं तिचं सगळं अंग उतरत गेलंय.

दगडात हीच गोष्ट उलट्या बाजूनं दिसते. अजिंठ्यातल्या काही लेण्यांच्या दारांवर, वरच्या दोन कोपऱ्यांत, झाडाखाली मकरावर, म्हणजे मगरीसारख्या काल्पनिक जलचरावर, उभ्या असलेल्या बायका आहेत. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरमध्ये, मकरावरची गंगा आहे. कैलास लेण्याच्या आवारात तर गंगा, यमुना, सरस्वती तिघींचं वेगळं देऊळच खोदलंय. दारात नदी उभी करायची, म्हणजे आत जाणारा पाण्यातून पवित्र होऊन जातो. इथे नदीनंच बाईचं रूप घेतलंय.

यात सगळ्यात टोकाची मूर्ती म्हणजे लज्जागौरी. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, सातवाहनांच्या काळात गजबजलेल्या त्या बाजारपेठेत, लज्जागौरी सापडल्या आहेत. प्रसूतीच्या अवस्थेत बसलेली देवी, आणि अशा अनेक मूर्तींत डोक्याच्या जागी सरळ कमळ. चेहराच नाही. ती कोण हा प्रश्नच उरत नाही, ती काय करते एवढंच उरतं. नावानिशी ओळखता येणाऱ्या माणसाचं चित्र एका टोकाला आणि ही मूर्ती दुसऱ्या टोकाला ठेवली, तर अजिंठ्याच्या बायका मध्ये कुठेतरी बसतात. चेहरा आहे, भाव आहे, पण बहुतेकींना नाव नाही.

फुलं एकीवर, मुंग्या दुसरीवर

निसर्ग म्हणजे बाईभोवतीची गोड सजावट, असं ज्यांना वाटतं त्यांना मी छद्दंताची गोष्ट सांगतो. बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या, म्हणजे जातककथांमधली आहे. दहाव्या आणि सतराव्या, दोन्ही लेण्यांत रंगवलेली.

हिमालयात कमळांच्या तळ्याकाठी सहा सुळ्यांचा हत्तींचा राजा राहत असे. त्याला दोन राण्या. एके दिवशी त्यानं बहरलेल्या साल वृक्षाला धडक दिली. एक राणी वाऱ्याच्या ज्या बाजूला उभी होती तिथे फुलं, पराग, हिरवी पानं पडली. दुसरी दुसऱ्या बाजूला होती, तिच्या अंगावर वाळक्या काटक्या, सुकलेली पानं आणि तांबड्या मुंग्या. पुढे एकदा तळ्यातलं एक मोठं कमळ त्याला मिळालं, तेही पहिलीलाच गेलं. हत्तीच्या मनात भेदभाव नव्हता, वारा तसा वाहत होता. पण दुसरीच्या मनात सल राहिला. ती झुरून मेली आणि काशीची राणी होऊन जन्माला आली. गेल्या जन्माचं तिला सगळं आठवत होतं. तिनं शिकारी पाठवून त्या हत्तीचे सुळे मागवले. सुळे समोर आले आणि ते बघून तिचंच काळीज फाटलं.

दहाव्या लेण्यात ही राणी सुळे बघून कोसळताना रंगवली आहे. ख्रिस्तपूर्व काळातलं हे काम, पद्मपाणीच्या कितीतरी शतकं आधीचं, आणि आज बरंच झिजलेलं. पण या गोष्टीत निसर्ग काय काम करतो बघा. एकाच झाडानं एकीला फुलं दिली आणि एकीला मुंग्या. बाईची असूया, अपमान, सूड आणि पश्चात्ताप, सगळं झाडापानांतून सांगितलंय. बाईला फूल ठरवून मोकळं व्हायचं असतं तर ही गोष्ट भिंतीवर आलीच नसती. दुसऱ्या लेण्यातली हारिती तशीच: आधी लेकरं खाणारी, मग लेकरांची राखण करणारी.

"चित्रकाराच्या मनात एवढं होतं कशावरून?"

शंका रास्त आहे. प्रत्येक पाकळीत अर्थ शोधत बसणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावर कमळं, फळं, हंस, वेलबुट्ट्या खच्चून भरल्या आहेत. त्यातली प्रत्येक गोष्ट काही सांगतेच असं मानायचं कारण नाही. छत भरून काढायचं होतं, त्यांनी ते आनंदानं भरलं.

फरक कसा ओळखायचा? फूल कुणाच्या हातात आहे का, कुणाच्या नजरेशी, हालचालीशी त्याचा संबंध आहे का, आणि तेच फूल त्याच प्रकारच्या प्रसंगात पुन्हा येतं का, एवढं तपासायचं. पद्मपाणीचं कमळ त्याच्या नावातच आहे, ते काढलं तर तो ओळखू येणार नाही. छतावरच्या कमळांतलं एक काढलं तर कुणाला पत्ताही लागणार नाही. बाकी, एखाद्या चित्रकाराला त्या दिवशी काय वाटत होतं हे सांगायची गरजच नाही. डोहाळजेवणात फुलं माळणारी जाऊ कुठे मनात अर्थ घोळवत असते? तरी अर्थ असतोच.

"बाईला फूल म्हणणं म्हणजे तिला शोभेची वस्तू करणं नाही का?"

हो, बऱ्याच अंशी आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लेणी खोदायला पैसा दिला राजांनी, मंत्र्यांनी आणि मांडलिकांनी. सोळावं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं दिलं, तसा लेखच तिथे आहे. अजिंठ्यातल्या बायका बऱ्याचदा चवरी ढाळतात, तबक धरतात, खांबाला टेकून कुणाची तरी वाट बघतात. त्यांना बघणारी नजर पुरुषाची आहे, हे चित्रांच्या मांडणीतूनच दिसतं.

हा संकेत पुढे किती सोपा आणि गुळगुळीत झाला, ते बघायला लांब जायला नको. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि कमळावर उभी, मागे हत्ती असलेली लक्ष्मी घराघरांत पोचली. कमळ तेच, हत्ती तोच. फक्त आता चेहरा शेजारच्या गल्लीतल्या बाईसारखा खराखुरा झाला, आणि कमळाचं काम तिला देवी ठरवण्यापुरतं उरलं. तिथून कॅलेंडर, तिथून साडीच्या दुकानाची पिशवी.

याची किंमत एका खऱ्या बाईला मोजावी लागली असं मला वाटतं. रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होता. त्याच्यासोबत राहिलेली पारो, तिचं १८५६ सालचं थडगं अजिंठा गावात आहे. तिच्यावर जे काही बोललं जातं त्यात रान, ओढा, मोकळे केस, फुलं एवढंच असतं. ती काय बोलायची, साहेबाच्या कामात तिचा किती हात होता, घरी कोण होतं, हे कुणी विचारत नाही. तिला आपण सगळ्यांनी मिळून रानफूल करून टाकलंय. भिंतीवरच्या चित्रातल्या संकेतानं माणूस समजायला मदत होते. तोच संकेत जिवंत बाईवर चिकटवला की माणूस दिसायचं बंद होतं.

"मग सगळ्याच काळ्या-तपकिरी का दिसतात?"

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं असं की सावळा रंग तेव्हा कमीपणाचा नव्हता. राण्या सावळ्या रंगवल्यात आणि गोऱ्याही, एकाच दृश्यात शेजारी शेजारी. गोरेपणाची क्रीम विकणाऱ्यांनी हे जरा बघावं.

दुसरं उत्तर रसायनाचं. ही चित्रं खडकावर चढवलेल्या मातीच्या गिलाव्यावर आहेत. मातीत भाताचा कोंडा, वनस्पतींचे धागे घालून थर दिला, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. पिवळा आणि तांबडा रंग गेरूच्या जातीच्या मातीचा, काळा काजळीचा, हिरवा हिरव्या मातीचा. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही अशी हिरवी माती मिळते. परका होता तो निळा, अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दी दगडाचा. झाडांची, बायकांची, बोधिसत्त्वांची अंगं सगळी मातीच्याच रंगांची आहेत.

मग १९२० ते १९२२ च्या सुमारास, अजिंठा निझामाच्या राज्यात असताना, चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले गेले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी घट्ट बसवला, हे त्यांचे उपकारच. पण वर लाखेचं व्हार्निश दिलं, ते काळाबरोबर पिवळं पडलं आणि त्यावर धूळ बसली. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी पुढे बरंच साफ केलं, सगळं नाही. तेव्हा एखादी राणी फारच काळवंडलेली दिसली तर तो रंग चित्रकाराचा की व्हार्निशचा, हे गाइडला विचारा.

जाताना सोमवार टाळा, त्या दिवशी अजिंठा बंद असतं, आणि मंगळवारी वेरूळ. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून तिथल्या बसनं वर जावं लागतं. फ्लॅश मारायला मनाई आहे, ती पाळा. आत शिरल्यावर पाच मिनिटं नुसतं थांबलं की डोळे अंधाराला सरावतात आणि बॅटरीशिवायही बरंच दिसायला लागतं. दहाव्या लेण्यात सगळी गर्दी खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ साली खरवडलेलं नाव बघायला उभी असते. गाइडला तिथून हलवा आणि उजव्या भिंतीवरचे हत्ती दाखवायला सांगा.